सुरूच्या बनातली राखण

त्या वर्षी माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर देवीवरही नाही. आमच्या सासूबाईंना विसर पडू लागून बराच काळ लोटला होता. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या असं काहीतरी विसरायच्या. मग माणसं विसरू लागल्या. नुसतं विसरून भागलं असतं, पण त्यांना घराबाहेर पडायची ओढ लागली होती. दार उघडं दिसलं की निघाल्या. एकदा थेट घाटकोपर स्टेशनच्या पुलापर्यंत गेल्या होत्या. सासरे गिरणीत होते, त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण सासूबाईंच्या मनाने ते अजून पाळीवरच होते. रोज नेमाने देव्हाऱ्यापुढे दिवा लावणारी मी, पण त्या दिवसांत हात जोडले की मनात एकच यायचं, की तू बघत असतीस तर हे असं झालं असतं का? दूधवाल्यापासून समोरच्या शेजारणीपर्यंत मला सगळ्यांचाच संशय यायचा. कोण त्यांना बाहेर पडताना बघूनही गप्प बसलं असेल, कोण हसलं असेल, याचाच मी दिवसभर हिशेब करत बसायची.

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. त्या दिवसांत त्यांनी एकच धोशा लावला होता, "माका दर्यार न्हेया." गावी नेण्यासारखी त्यांची तब्येत नव्हती. तेव्हा ह्यांच्या कारखान्यातल्या एका मित्राची जुनी मॅटाडोर होती, एरवी शाळेची मुलं ने-आण करणारी. नाताळच्या सुट्टीत ती रिकामी असायची. ह्यांनी तिच्या मागच्या सीटा काढल्या, फळ्या ठोकून त्यावर गाद्या टाकल्या, स्टोव्हसाठी कोपरा केला आणि पाण्याचे कॅन बांधले. मी जुन्या साड्यांचे पडदे शिवले. आमची संगीता तेव्हा नववीत होती, तिला हे चाकांवरचं घर म्हणजे झकास वाटत होतं. मालाडच्या पश्चिमेला समुद्राकाठी सुरूचं एक बन आहे आणि त्यात देवीचं लहानसं देऊळ. तिथे गाडी लावून चार-पाच दिवस राहायचं, सासूबाईंना समुद्र दाखवायचा, देवीची ओटी भरायची आणि परतायचं, असं ठरलं.

पोचल्याबरोबर एकाने येऊन गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. ही जागा आमच्या शेठची आहे, गाडी हलवा, म्हणाला. हे खाली उतरले आणि शेठचं नाव विचारलं, तर तो नाव न सांगताच निघून गेला. पण जाताना पडद्याच्या फटीतून आत बघून गेला, ते माझ्या मनात राहिलं. तेव्हापासून मी मागच्या दाराला दोरी बांधू लागले. चाकांवरच्या घराला भिंती असतात, पण शेजार नसतो. बाहेर वाळलेली पानं वाजली तरी मी पडदा बाजूला करून बघायची. हे म्हणायचे, "अगं, विसावा घ्यायला आलोय ना आपण?" मी म्हणायची, "तुम्ही घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो आला. वर ताडपत्री, आत सात-आठ माणसं, भांडी, कोंबड्यांची पाटी आणि मोठ्याने वाजणारा टेपरेकॉर्डर. ही मंडळी बोरिवलीची, तिथल्या बाजारात भाजीचा धंदा करणारी. त्यांची म्होरकी म्हणजे शेवंताबाई. पन्नाशीची, अंगाने दणकट, काष्ट्याचं लुगडं, आवाज असा की वाऱ्यातही लांबवर ऐकू यावा. खाली उतरल्या उतरल्या ती आमच्या गाडीसमोर येऊन उभी राहिली.

"ओ, गाडी काढा इथनं. आमचा नवस असतो देवीचा. दरवर्षी आमची चूल इथंच मांडतो आम्ही."

ह्यांचा स्वभाव तसा शांत, पण आदल्या दिवशीच्या माणसामुळे ते आधीच वैतागलेले होते. म्हणाले, "जागा काय तुमच्या नावावर आहे काय? एवढं बन मोकळं पडलंय."

"देवळासमोर चूल लागते. नवस बनाला नाही केलेला, देवीला केलाय."

बोलाचाली वाढली. संगीता रडवेली झाली. अखेर त्यांनी आमच्यापासून दहा हातांवर टेम्पो लावला आणि टेपरेकॉर्डरचा आवाज मुद्दाम वाढवला, असं मला तरी वाटलं. विहीर एकच होती. तिथे मी गेले की त्यांच्या सुना कुजबुजत थांबायच्या. शेवंताबाई मात्र उघड उघड आमच्याकडे बघत बसायची. मी स्वयंपाक करताना, सासूबाईंना भरवताना, त्यांची वेणी घालताना, तिची नजर काही हलायची नाही. हिला आमच्या गाडीत काय दिसतंय एवढं, असं वाटून मी पडदे ओढून घेतले, आणि सासूबाईंच्या हातातल्या पाटल्या उतरवून माझ्या पिशवीत ठेवल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाईंना झोप लागली. मी त्यांच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधून शेजारीच आडवी झाले. घरीही मी असंच करायची, दुसरा इलाज नव्हता. रात्रभर जागरण झालेलं, त्यामुळे माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा मनगटाला पदर नव्हता, मागच्या दाराची दोरी सुटलेली होती आणि गादी रिकामी होती. हे आणि संगीता समुद्राकडे फिरायला गेले होते. म्हणजे गाडीत त्या आणि मी, आणि मी झोपलेली.

त्यानंतरचे दोन तास मला आजही सलग आठवत नाहीत. मी हाका मारत वाळूवर धावले. ह्यांना गाठलं. ओल्या वाळूत लहान पावलांचे ठसे पाण्याच्या दिशेने गेलेले दिसले. ते ठसे कोणाचेही असू शकत होते, पण त्या वेळी ते कोण सांगणार? हे पाण्याच्या कडेकडेने पळत गेले. संगीता बनात शोधत होती. मी टेम्पोपाशी गेले. शेवंताबाई मागच्या फळीला टेकून उभी होती, ताडपत्री खाली सोडलेली.

"आमच्या सासूबाई दिसल्या का हो तुम्हाला? पांढरं लुगडं, ठेंगण्या आहेत."

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "नाही बघितली कोणाला."

मला तेव्हाच वाटलं की ही खोटं बोलतेय. पण ती असं का करेल, ते कळेना. डोक्यात नको नको ते येऊ लागलं. पाटल्या तर मी काढून घेतल्या होत्या, पण गळ्यातली सोन्याची साखळी तशीच होती.

सासूबाई देवळात तरी असतील म्हणून मी तिकडे गेले. देऊळ म्हणजे चार खांब, वर कौलं, आत शेंदूर लावलेली देवी आणि तिचे चांदीचे डोळे. एरवी मी काही ना काही कबूल केलं असतं, ओटी भरेन, उपास करेन. त्या दिवशी तसलं काही कबूल केलं नाही. मी उंबऱ्यावर बसून एवढंच म्हटलं, "माझ्याने आता होत नाही. माझी नजर पुरली नाही. तू बघ." आणि खरोखरच, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, मी डोळे मिटले आणि काहीही राखायचा विचार न करता तशीच बसून राहिले. वारा पडला होता. डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती आणि तिरपा उजेड टेम्पोखाली शिरला होता. मागच्या चाकाशी काहीतरी लखलखत होतं. ती माझी कळशी होती. माहेरची, गळ्याशी माझं नाव कोरलेली. सासूबाई पाणी आणायला म्हणून ती घेऊन निघाल्या असणार.

मी धावत गेले आणि कळशी उचलली. "ही माझी आहे! नाव आहे बघा यावर. कुठे आहेत त्या? काय केलंत तुम्ही त्यांना?" हे आणि संगीताही ओरडा ऐकून धावत आले.

शेवंताबाई जागची हलली नाही. "भांडं तुझं असेल, घेऊन जा. त्यावर नाव आहे. म्हातारीवर कुठं लिहिलंय?"

"म्हणजे आहेत ना त्या इथे?"

"आहे. आत बसलीय, भाकरी खाल्लीय. पण मी द्यायची नाही." मग माझ्या मनगटाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "तू तिला बांधून ठेवली होतीस. तुझ्या पडद्याच्या फटीतून बघितलं मी. सकाळी हातातल्या पाटल्या काढून घेतल्यास, तेही बघितलं. आणि ती सांगते, तिला पळवून आणलीय."

मी ताडपत्री बाजूला केली. सासूबाई पोत्यावर आरामात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हाक मारली, "आई, चल." त्या शेवंताबाईच्या सुनेला चिकटून बसत म्हणाल्या, "ह्ये कोण, माका म्हायत नाय. ह्येनी माका पळवन हाडल्यानी. माझो घोव मिलात गेलो हा, येतलो आता."

ह्यांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. तो विसरता येत नाही. जन्म दिलेली आई समोर बसून ओळख नाकारते, आणि भोवती सात-आठ अनोळखी माणसं आपल्याकडे चोर म्हणून बघतायत. हे समजावू लागले, पत्ता सांगू लागले, कारखान्याचा पास दाखवू लागले. शेवंताबाईचं एकच पालुपद, "कागद कोणाकडंबी असतो. माझ्या मावशीला तिच्या पोरानं कुर्ल्याच्या स्टेशनात बाकावर बसवली. भजी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. त्याच्याकडं कागद नव्हते होय? म्हातारीनं ओळखलं तर न्या. नाहीतर उद्या सकाळी चौकीत जाऊ सगळी."

ती म्हणत होती ते सगळं खरं होतं. मी बांधलं होतं, पाटल्या काढल्या होत्या, पडदे ओढले होते. आतून ते काळजीचं होतं, बाहेरून तो छळच दिसत होता. मी टेम्पोत चढले आणि सासूबाईंच्या पायाशी बसले. ओढून न्यायला नव्हे, नुसतं जवळ असावं म्हणून. त्यांच्या भेगाळलेल्या पायांना वाळू चिकटली होती. सवयीने माझा हात त्यांच्या पावलावर गेला. रोज रात्री मी त्यांच्या पायांना खोबरेल चोळायची.

सासूबाईंनी पाय झटकन मागे घेतला आणि कुरकुरल्या, "थंडगार हात गो तुझे! तेल गरम करूक इसारलंस परत?"

शेवंताबाईने वाकून विचारलं, "आजी, ही कोण?"

"ही? ही माझी सून," सासूबाई म्हणाल्या, जणू तो काय प्रश्न झाला. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "वायट नाय गो. तेल तेवढा थंड लावता."

शेवंताबाईच्या सुना फिसकन हसल्या. हे टेम्पोच्या फळीवर डोकं टेकून रडले. मीही रडत होते, पण मला आठवतं ते हे, की मान वर केली तेव्हा शेवंताबाई तशीच उभी होती, टेम्पोच्या तोंडाशी दोन्ही हात लावून, वाट अडवून. मागून मावळतीचा उजेड येत होता आणि तिचा चेहरा दिसत नव्हता. दुपारभर ती तशीच उभी होती. ज्या म्हातारीशी काही नातं नाही, तिच्यासाठी. आम्हाला आधी तिने नाही म्हटलं ते त्यासाठीच. मी देवळात बसून 'तू बघ' म्हटलं होतं, त्याच्या आधीपासून कोणीतरी बघत होतं. यात चमत्कार होता की नव्हता, यावर मी कधी कोणाशी वाद घातला नाही.

संध्याकाळी ह्यांनी आपण होऊन मॅटाडोर बाजूला घेतली आणि त्यांची चूल देवळासमोर पेटली. शेवंताबाईने नैवेद्याचं ताट पाठवलं, पण स्वतः आली नाही. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर मागे सरकली. "पाया नको पडू. गाडीचा नंबर घेतलाय मी. पत्ता सांग आता नीट."

तिला अजूनही आमची पूर्ण खात्री नव्हती. मी पत्ता दिला. मनात आलं, शिष्टाचाराचं विचारणं आहे हे, कोण येतंय बोरिवलीहून घाटकोपरला?

उन्हाळ्यात एका दुपारी दाराची कडी वाजली. शेवंताबाई. हातात मेथीच्या जुड्या, कपाळावर घाम. आत आली, पाणीही न घेता सरळ सासूबाईंच्या खाटेपाशी गेली. त्यांची मनगटं उलटीसुलटी करून बघितली. डोक्यावरून हात फिरवला, केस विंचरलेले आहेत का ते पाहिलं. सासूबाईंनी तिला ओळखलं नाही, पण हसल्या. मी बाजूला उभी होते, परीक्षेला बसल्यासारखी. आणि नवल म्हणजे मला राग आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. इतके दिवस मला वाटायचं, या एवढ्या मोठ्या शहरात ही म्हातारी आणि मी दोघीच आहोत, माझा डोळा लागला की संपलं. तसं नव्हतं. माझ्या एकटीच्या नजरेवर हे घर उभंच नव्हतं. ते कधीच नव्हतं. माझं काम हात जोडून बाजूला होण्याचं होतं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

मी तिला कुंकू लावलं, चहा ठेवू का विचारलं. नको म्हणाली. चपला घालता घालता म्हणाली, "बरी ठेवलीयस. पण मी येईन परत. सांगून येणार नाही."

"या," मी म्हटलं. "केव्हाही या."