टेकडीवरचा पहिला नळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. मोड आलेले, बिरड्यासाठी. परातीशी बायको, समोर मी, आणि मध्ये मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून माझ्या भावाची नात. कॉलेजात तिला शोधनिबंध लिहायचा होता. आमच्या भांडुपच्या टेकडीवर पाणी कसं चढलं, त्याचा.

बायको म्हणाली, "आम्ही बायकांनी चर खणला. मग पाइप वर आला."

"काहीतरीच! मंडळाने आणला नळ. स्मरणिकेत छापलंय. फोटोत मी आहे."

"फोटोत बकरीपण आहे. तिने आणला काय?"

पोरगी हसली, मीही हसलो. मी चौथी शिकलेला. छापलेलं ते खरं, एवढंच मला ठाऊक.

दोन दिवसांनी बायको गेली. छातीत कळ आली, रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं. उरलेले वाल कोणीतरी टाकून दिले. कार्य उरकलं, माणसं पांगली. आता घरात मी काहीही बोललो तरी चालतं. "खोटं नका हो सांगू" म्हणणारी नाही.

मग एका संध्याकाळी पोरगी आली. चाचरत म्हणाली, "आजोबा, सर म्हणतात आजीचं एकटीचं म्हणणं आहे, छापलेलं उलट आहे. आधार मिळाला नाही तर ते काढावं लागेल."

"काढायचं नाही. मी सांगतो ना, ती खोटं बोलायची नाही."

"तुम्ही नवरा. तुम्ही म्हणणारच. चर खणला तेव्हा कुठे होतात?"

"गावाला. गणपतीला."

"आणि तो फोटो?"

"नळ सुरू झाला त्या दिवशीचा."

"स्मरणिका लिहिली कोणी?"

"मंडळाने."

"म्हणजे स्वतःचं कौतुक स्वतःच. आणि तुम्ही तर तिथे नव्हतातच. मग तुम्हीपण उपयोगाचे नाही."

खरंच होतं. राग आला. तेव्हा तिथे असलेलं कोणी आहे का, तिने विचारलं. वरच्या गल्लीतली म्हातारी होती, बायकोबरोबर हंडे वाहायची. "मग विचारा," पोरगी म्हणाली, "पण आजीचं नाव काढू नका. उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या चढून वर गेलो. धाप लागली. म्हातारी दारात लसूण सोलत होती. विचारलं, "पहिला नळ कसा आला गो आपल्याकडे?" आणि जीभ दाताखाली धरून बसलो.

"माका विचारतस?" ती म्हणाली. "तू खंय होतस तेव्हा? गावाक! तुझ्या बायलेन पहार घेतल्यान, तिच्या मागून आम्ही. मंडळवाले इले ते हार घालूक!"

मी पोरीला फोन लावला. "वर ये. मी काही शिकवलेलं नाही हिला."

मग म्हातारीच्या पुढ्यातला थोडा लसूण माझ्याकडे ओढला आणि ती येईपर्यंत सोलत बसलो.