पडायला शिकवणाऱ्या बाई

मला पडायला बाईंनी शिकवलं. हे आधी सांगते, मग बाकीचं. बाकीचं सांगताना मला राग येतो, आणि रागात उपकार सांगायचे राहून जातात.

बाई आमच्या नाटकात माझ्या सासूचं काम करायच्या. मी नववीतून शाळा सोडलेली, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या, वडशाकडच्या गावातून पनवेलला आलेली. विचुंब्यात दोघींबरोबर खोली, दिवसा कापडाचं दुकान, संध्याकाळी नवीन पनवेलात एका सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम.

नाटकात नवरा मला थोबाडीत मारतो आणि मी कोसळते. गावाकडे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकांत मी हे कितीदा केलं होतं. तिकडे रंगमंच मातीचा, सारवलेला. धाडकन पाठीवर पडलं की टाळ्याच टाळ्या. इथेही मी तशीच पडले. इथे खाली लाद्या होत्या.

दिग्दर्शक उठून उभे राहिले. "बघा! याला म्हणतात खरं. शहरातल्या पोरींना जमायचं नाही हे."

मग रोज तेच. थोबाडीतही खरीच, कारण खोटी म्हणे कळते. कानात शिट्टी वाजत राहायची, कंबर काळीनिळी. तरी मी रोज वेळेवर हजर. भूमिका गेली तर गावी परत, आणि गावात सगळे त्याचीच वाट बघत होते.

एकदा कठडा धरून जिना उतरताना बाईंनी पाहिलं. "लंगडतेस का गं?"

"नाही, चप्पल चावते."

"कंबरेला?"

खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घरी त्यांनी जमिनीवर गादी घातली. "पडायचं नसतंच मुळी. बसायचं. गुडघे वाकव, मांडीवर ये, मग कुशीवर लोळ. हनुवटी छातीशी, डोकं खाली टेकता कामा नये. लोकांना आवाज हवा ना? तो तळहातानं काढ." थोबाडीत मारतानाही हात गालासमोरून नुसता निघून जातो, प्रेक्षकांकडे ज्याची पाठ, त्यानं हळूच टाळी वाजवायची. "आणि डोळ्यांत बघितल्याशिवाय सुरुवात नाही. तो तयार, तू तयार, मग मार."

गादी गेली, सतरंजी आली, मग नुसती लादी. कुठेच दुखलं नाही, तेव्हा मला रडू आलं.

तालमीत तशी पडले. नवरा झालेला मुलगा "अगं, लागलं?" म्हणत धावला. दिग्दर्शकही खूश. मी आनंदानं लगेच उठून हसले, तिथे घात झाला.

"म्हणजे लागलंच नाही? मग ते खोटं. मला तुझं आधीचं पडणं हवंय."

बाई म्हणाल्या, "सर, एकदा तुम्ही पडून दाखवा ना. लादी तीच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. माझी भूमिका दुसरीला गेली, बाईंना "आता तब्येत सांभाळा" असा निरोप आला. नाटकाला बक्षीस मिळालं. ती मुलगी साडीच्या आत दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून उभी राहायची, आणि लोक म्हणायचे, काय जिवंत अभिनय!

मी गावी गेले नाही. बाईंनी शिकवलेल्या पडण्यावर पुढे कामं मिळाली, कंबर शाबूत राहिली. त्यांना मात्र 'उलट बोलतात' म्हणून पुन्हा कुणी बोलावलं नाही. मे महिन्यात सोसायटीतल्या मुलांचं शिबिर घेतात, तेवढंच.

बाई, कधीतरी मी माझं नाटक उभं करीन. पहिल्या तालमीला तुम्हाला घ्यायला मी स्वतः येईन, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत तिथल्या लादीवर कुणालाही पडू देणार नाही.