सावडीतला स्वॅब

"मला नाकपुड्या दोन हायेत ना, ताई? मग एक माज्या नावानं घ्या, एक हिच्या नावानं. तिला कशाला उगं हेलपाटा?"

पिंपळवंडीचे धोंडूअण्णा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि अगदी गंभीरपणे मला हा तोडगा सुचवत होते. मी आतून हसत होते. वरून दिसायची सोय नव्हती. पीपीई किट, दोन मास्क, गॉगल आणि त्यावर प्लास्टिकचा पडदा अशा अवतारात मी हसले काय, रडले काय, समोरच्याला पांढरं बुजगावणंच दिसायचं.

मी लॅब टेक्निशियन. माहेर पेठचं, नोकरी आळेफाट्याजवळच्या एका कलेक्शन सेंटरमध्ये. कलेक्शन सेंटर म्हणजे तपासणी करायची जागा नव्हे. आम्ही फक्त नमुने गोळा करायचो. नाकात लांब काडी घालून स्वॅब घ्यायचा, ती काडी ट्यूबमध्ये टाकायची, ट्यूबवर बारकोडचं लेबल लावायचं आणि डबा पुण्याच्या लॅबला पाठवायचा. आमचं सेंटर म्हणजे पत्र्याची एक शेड होती. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. अजूनही तिथून जाताना मला सॅनिटायझरचा वास आल्यासारखा वाटतो आणि, खरं सांगते, बरं वाटतं.

अण्णांच्या मुंबईच्या लेकीनं आईबापांसाठी मुंबई–गोवा जहाजाची तिकिटं काढली होती. जहाजं नुकतीच पुन्हा सुरू झाली होती आणि त्यांचे नियम कडक होते. लसीचे दोन्ही डोस हवेत. चढायच्या आधी बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट हवा, तोही निगेटिव्ह. शिवाय एक फॉर्म भरून द्यायचा. जहाज शनिवारी दुपारी सुटणार होतं आणि आज बुधवारची दुपार उलटली होती.

"अण्णा, प्रत्येकाचं नाक वेगळं. काकींना आधार कार्डासकट घेऊन या."

"एकाच चुलीवरचं खातो राव आमी!"

"तरी घेऊन या."

तासाभरात अण्णा मोटरसायकलवर मागे एका बाईला बसवून हजर झाले. पदर कपाळापर्यंत, मास्क डोळ्यांपर्यंत. माझ्या गॉगलवर वाफ साचलेली. मी आधार कार्ड पाहिलं. त्यावरच्या फोटोत माणूस स्वतःलाही ओळखत नाही, तिथे मी काय ओळखणार?

"सुभद्राकाकी ना?"

"हूं."

मी मास्क नाकाखाली ओढायला लावला, काडी घातली, बाईंनी अण्णांच्या नावानं काहीतरी पुटपुटलं. लेबल लावलं, ट्यूब डब्यात. पुढचा पेशंट.

गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट आले. अण्णा निगेटिव्ह. सुभद्राकाकी पॉझिटिव्ह.

अशी बातमी फोनवर सांगायची एक पद्धत असते. आधी तब्येत विचारायची, मग हळूच मुद्द्यावर यायचं. मी तसंच केलं. पलीकडून अण्णांचा आवाज आला, शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

"ताई, ती न्हवं ती."

"कोण नव्हे कोण?"

"त्या दिवशी आणली ती आमची हौसा व्हती. माजी भावजय. सुभद्रेची जाऊ."

"आणि काकी?"

"ती सावडीला गेलती. कांद्याची लागवड चाललीय ना!"

सावड म्हणजे मजुरी न घेता केलेली कामाची फेड. आज पाचजणी तुझ्या रानात राबतील, उद्या तू त्यांच्या रानात. पाळी चुकवायची नाही. अगदीच जमलं नाही तर घरातली दुसरी बाई पाठवायची. माणूस बदललं तरी पाळी फिटते. अण्णांनी हाच कायदा स्वॅबला लावला होता.

"अहो, मग हौसाबाईंना सावडीला पाठवायचं आणि काकींना माझ्याकडे!"

"तसं कसं? हौसाचा हात कांद्याला लई हळू हाय. सुभद्रेसारखी सरी दुसऱ्या कुणाला लावता येत नाय. नाकाचं काय, कुणाचंबी चालतं."

मी पुण्याला आमच्या सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुम्ही त्या बाईंना नाव विचारलंत, की सांगितलंत?" सर म्हणाले.

"सांगितलं, सर."

"मग मशीन बरोबर आहे. तुम्ही चुकलात."

चूक पूर्ण माझी होती. आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच: पेशंटला स्वतःचं नाव स्वतः सांगायला लावायचं. आपण नाव घेतलं की घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. सरांनी तो रिपोर्ट रद्द केला, हौसाबाईंच्या नावानं नवा काढला, सरकारी दवाखान्याला कळवलं. हौसाबाई घरातच मागच्या खोलीत वेगळ्या राहिल्या. दोन दिवस त्यांचं अंग मोडून आलं होतं, पण "गार वारं लागलं" म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी खऱ्या सुभद्राकाकी आल्या. पायाला रानातली माती, हातात जहाजाचा फॉर्म. अण्णा मागे उभे.

"अजून येळ हाय ना, ताई?" काकींनी विचारलं. "म्या समुद्र बघितला नाय कधी. लेक म्हणती, सकाळी उठलं की चारीकडं पाणीच पाणी. खरं असतं का वं ते?"

"खरं असतं, काकी."

वेळ होता. सरांनी रिपोर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचं कबूल केलं होतं. अडचण फॉर्मची होती. तो इंग्रजीत असल्यामुळे लोक माझ्याकडूनच भरून घ्यायचे. मी एकेक प्रश्न मराठीत वाचत गेले. ताप? नाही. खोकला? नाही. मग शेवटचा आला: गेल्या चौदा दिवसांत पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात आला आहात का?

माझं पेन थांबलं.

"नाय लिवा," अण्णा पटकन म्हणाले. "जहाजावर कोण विचारतंय हौसाला?"

"अण्णा, मला तसं लिहिता येणार नाही."

"मग मी लिवतो. आणा इकडं."

त्यांनी हात पुढे केला. काकींनी तो हात बाजूला केला, ताटावरची माशी हाकलावी तसा.

"गप बसा वं. हौसाच्या हातची भाकर खाल्लीय म्या रोज. एवढ्या लोकांत जाऊन बसायचं आनि कुणाला दिलं मंजी? बाई, हो लिवा."

"काकी, हो लिहिलं तर सोडणार नाहीत."

"म्हाईत हाय. एकदा खोट्या नावानं नाक दिलं, तेवढं बास झालं. आनि तिनं नाक पुढं केलं म्हनून तिचं दुखनं तरी कळलं."

मी 'हो' लिहिलं. काकींनी खाली सही केली, एकेक अक्षर सरीतल्या रोपासारखं सरळ लावत. त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. जहाज त्यांच्याशिवाय सुटलं.

सगळं घर दारं लावून बसलं. त्यांच्या रानात कांद्याची उरलेली लागवड सावडीतल्या बायकांनी करून टाकली, मास्क लावून, बांधावरून घराकडे ओरडून गप्पा मारत. हौसाबाई बऱ्या झाल्या. काही दिवस फोडणीचा वास येईना, एवढंच. आणि लेकीनं खटपट करून जहाजवाल्यांकडून पुढची तारीख मिळवली.

त्या वेळी काकी स्वॅबला आल्या त्या पदर मागे सारूनच. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरू केलं: नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय. "बघा, फोटो जुळतोय का. न्हाईतर म्हनाल, हौसाच आली!"

आठवड्याभरानं त्या परत आल्या, तोंडभर हसत. गोव्याच्या किनाऱ्यावरून त्यांनी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत पाणी भरून आणलं होतं. बाटलीवर कागद चिकटवलेला, त्यावर त्यांचीच सरळ अक्षरं: नाव – समुद्र. वय – लई. घेतल्याची वेळ – सकाळ. घेणार – स्वतः सुभद्रा.

"वळख पटवून घेतलंय," त्या म्हणाल्या. "आदी चाखून बघितलं. खारट हाय."

ती बाटली आजही माझ्या आताच्या लॅबमधल्या टेबलावर आहे. पाणी थोडं आटलंय, लेबल शाबूत आहे. नव्या मुली कामावर आल्या की मी त्यांना ती दाखवते आणि सांगते, नाव विचारा, सांगू नका. काकींनी तर समुद्रालासुद्धा चाखून बघितल्याशिवाय लेबल लावलं नाही.