गालफुगी

शेलूबाजारला आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरा थर चढतो आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. माझे गोल्डफिश त्यात टिकले नाहीत. "आफ्रिकन सिक्लिड मासे न्या, त्यांना असंच पाणी मानवतं," अकोल्याचा अॅक्वेरियमवाला म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या बोअरचा अभिमान वाटला.

घरात माझी माय आणि मी, दोघंच. टाकी माझ्या हौसेची, पण दिवसभर तिच्यासमोर बसायची माय. एक दिवस पिवळी मादी काही खाईना. गाल टम्म फुगलेले. मायनं लगेच निदान केलं, "गालफुगी झाली तिले. दवा कर."

मी तापट, धीर म्हणून नाही. मिठाच्या पाण्याची बादली केली आणि मादीला जाळीनं उचललं. तडफडताना तिनं तोंड उघडलं आणि ज्वारीएवढी पिवळी अंडी घरंगळत खाली पडली.

"अरे, लेकरं होते तिच्या तोंडात!" माय म्हणाली. "आन् आपण दवा करून राह्यलो!"

अकोल्याला फोन केला तेव्हा कळलं. ही मादी अंडी-पिल्लं तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि तोवर उपाशी राहते. आम्ही दोघंही ओशाळलो.

दोन महिन्यांनी पुन्हा गाल फुगले. यावेळी मायनं जाळीच लपवून ठेवली. मादी मात्र रोज वाळत चालली. पोट खपाटीला गेलं. पिल्लं वाचतील पण ही जाईल, या भीतीनं माझं दुकानात लक्ष लागेना.

"काहून घाबरून राह्यला? मायले उपाशी राहाची सवय असते," माय म्हणाली.

खताच्या दुकानातून मी जेवायला येतो तीन-चारला, आणि माय तोवर ताटं झाकून बसलेली असते. "तू जेवून काहून घेत नाही?" म्हणून मी तिच्यावर कितीदा खेकसलो आहे.

विसाव्या दिवशी मी घरी आलो तर पंधरा-वीस पिल्लं दगडांच्या फटीत पळत होती. चिमूटभर खाद्य टाकलं. मादी जरा थबकली, मग एक दाणा घेतला, मग दुसरा. मला रडू आलं.

"जेवली एकदाची," माय म्हणाली.

साडेतीन वाजले होते. ओट्यावर दोन ताटं तशीच झाकलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वाजता दुकानाचं शटर ओढू लागलो.