सुमनने खोडलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

सुरतेतल्या प्लेगला भिऊन गावी पळालेले लोक परत आले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सुरतेतच नवागामला एका खोलीत आम्ही दोघं. मी जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात हजेरी लिहायचो. सुमन, माझी बायको, घरी बसून साड्यांना लेस लावायची. डोळ्यांतून पाणी गळायचं तिच्या. दोघंही पदवीधर, म्हणून दोघांनी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला. नोकरी लागली की या साड्यांतून सुटेन, म्हणायची. बाकी काही मागणं नव्हतं तिचं.

क्लासला मी एकटाच जायचो आणि घरी येऊन तिला शिकवायचो. शिकवायचो कसला — माझा प्रश्न वाचून होईस्तोवर तिचं उत्तर तयार असायचं. गणितात एक प्रकार असा होता, की उत्तर काढायचंच नाही. दिलेली माहिती उत्तराला पुरेल की नाही, एवढंच सांगायचं. त्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डब्यातलं पीठ बघावं तशी नुसती बघायची आणि म्हणायची, "इतलामा भागत नही." मी वरवर कौतुक करायचो. आतून — जळायचो. दुसरा शब्द नाही त्याला.

एका रविवारी प्रश्न निघाला. पेटीत चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक संख्या. एक चिठ्ठी काढली तर ती विषम निघण्याची संभाव्यता किती? माहिती एवढीच, की सगळ्या संख्या मूळ आहेत. मी 'पुरेशी' वर खूण करून मोकळा झालो होतो. ती म्हणाली, नाही भागत. दोन ही मूळ संख्या आहे, पण सम आहे. ती पेटीत आहे की नाही, कुठे सांगितलंय?

बरोबर होतं तिचं. मला तेव्हाच कळलं. आणि मी काय म्हणालो? क्लासमध्ये सांगितलंय, या परीक्षेत दोन धरायचीच नसते.

असं कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगेल?

तिनं माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचं उत्तर खोडलं. त्यानंतर प्रत्येक उत्तराआधी ती मला विचारू लागली — आणि मला ते आवडलं, हेही सांगून टाकतो. परीक्षेला अजून अवकाश होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

परीक्षा सुटली तशी ती हसत फाटकाशी आली. "तो चिठ्ठ्यासना सवाल उना. तुम्ही सांगेल ध्यानमा व्हतं, मी दोनले धरंच नही." मी म्हटलं, छान.

मी पास झालो. ती नाही. त्या एका प्रश्नामुळे? नसेलही. पण विचारून उत्तर द्यायची सवय मी लावली, आणि परीक्षेत मी शेजारी नव्हतो.

माझे पेढे तिनंच गल्लीत वाटले. पुन्हा बस म्हटलं तर म्हणाली, तुम्ही एवढं शिकवलं तरी माझं डोकंच नाही चालत. पुढे शेजारणींनाही तेच सांगायची. मुलीला म्हणायची, गणित पप्पांना विचार. बँकेचा पगार सुरू झाला तरी साड्या काही सुटल्या नाहीत.

गेल्या वर्षी सुमन गेली. दवाखान्यात मी उशाशीच होतो, तिला शुद्ध होती, बोलायला वेळही होता. मुलगी आता कॉलेजात गणित शिकवते, तिचा विषय निघाला. सुमन हसली. म्हणाली, "पोर तुमनावर गयी."

मी हो म्हणालो.