दाऊदभाईंची खिडकी

दाऊदभाई धुरूंकडे गाडी न्यायची तर धुवून न्यायची नाही. पनवेलच्या उरण नाक्यामागे त्यांचं वर्कशॉप आहे आणि डोंगरात गाड्या घालणारा आमच्याकडचा प्रत्येक शहाणा तिथे एकदा तरी जाऊन आलेला असतो. मी पहिल्यांदा गेलो तो गाडी चकाचक करून. नवी फोर बाय फोर, कामोठ्याच्या अख्ख्या गावाने बघितलेली, ती चिखलाने माखून दुसऱ्याच्या दारात कशी न्यायची? दाऊदभाई पाठीवर झोपून खाली गेले, दोन मिनिटांत बाहेर आले, आणि म्हणाले की आठ दिवस डोंगरात फिरवा आणि तशीच आणा. मला राग आला. मला राग यायला फारसं कारण लागत नाही, हे घरचे सांगतील.

आठ दिवसांनी गाडी नेली तेव्हा ते अर्धा तास खाली होते. हातात खडू. जिथे दगड घासला होता तिथे खूण, जिथे चिखल साचला होता तिथे गोल. मग एकेक प्रश्न. कुठे जाता, किती माणसं बसतात, पाण्यात घालता का, गवतातून जाता का. मी आपला एकच धोशा लावून बसलो होतो: पुढच्या बंपरपासून मागच्या एक्सलपर्यंत सहा एमएमची पोलादी प्लेट टाका, खालून काही दिसताच कामा नये. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. एवढं वजन घातलंत तर गाडी दोन इंच खाली बसेल, म्हणजे जो दगड आता चुकतोय तोही लागेल. इंजिनाच्या तेलाचं भांडं, गिअरबॉक्स आणि टाकी एवढं झाका, तेही चार एमएममध्ये. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण आपल्याकडच्या काळ्या दगडावर ते सरकत नाही, अडकतं, म्हणून पोलादच बरं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि वर चहा पाजला.

ओमानमध्ये बावीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. तिथल्या वाळूत आणि सुकलेल्या नद्यांत फिरणाऱ्या गाड्यांची पोटं झाकली. दहा वर्षांपूर्वी एकाएकी सगळं सोडून पनवेलला परत आले. का, ते कुणाला माहीत नव्हतं. त्यांची बायको फरिदा चहा घेऊन यायची तेव्हा मी एकदा विचारलं, तर तिने कप ठेवला आणि आत गेली.

प्लेट बसली. झकास काम. फक्त एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलायची. सायलेन्सरच्या बाजूला त्यांनी प्लेटमध्ये वीतभर लांबीची एक खिडकी ठेवली होती. तिला लोखंडी झाकण आणि दोन बोल्ट. बोल्ट असे लावले होते की गाडीशेजारी गुडघे टेकून हात घातला तर निघतील. झाकणाला जाळी होती, त्यामुळे पावसाळाभर त्यातून खडी आत जायची आणि खडखड वाजायची. मी विचारलं होतं ही कशाला. ते म्हणाले होते, हवा लागते. एवढंच. माझा मित्र प्रणित हसला आणि म्हणाला, लोखंड वाचवलंय रे तुझ्या दाऊदभाईने. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ऑक्टोबरात मी कामोठ्यातल्या गेट-ग्रिलवाल्याकडे गाडी नेली आणि अर्ध्या तासात खिडकीवर पत्रा वेल्ड करून घेतला. खडखड थांबली आणि मी खूश झालो.

डिसेंबरात वडिलांचा नवस फेडायचा होता. त्यांचं नाव रामू, पण गावात रामूशेट म्हटल्याशिवाय कुणी हाक मारत नाही. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, काठी आणि वॉकरशिवाय पाऊल नाही. चिरनेरच्या मागे डोंगरावर आमच्या आजोळचा देव आहे. गुडघे बरे झाले तर स्वतः येऊन नारळ फोडीन असं त्यांनी कबूल केलं होतं. गुडघे काही बरे झाले नाहीत, पण म्हातारा हट्टाला पेटला. चालता येत नाही तर गाडी कशाला घेतली, असं मलाच विचारलं. त्यात तसं चुकीचं काही नव्हतं.

सकाळी नऊला आम्ही दोघंच निघालो. वरच्या माळावर वाट नव्हतीच. छातीएवढं वाळलेलं गवत होतं आणि त्यातून गाडी जाताना खालून सारखा सळसळ आवाज येत होता. तासभर तसेच चढलो. शेवटच्या चढाला वास आला. वडील म्हणाले, "काय तरी जलतंय." मी म्हटलं क्लच तापला असेल. मग बॉनेटच्या बाजूने नाही, थेट आमच्या पायाखालून धूर यायला लागला.

गाडी चढावरच थांबवली, हँडब्रेक ओढला, उतरलो. वाकून बघितलं तर प्लेटच्या वरच्या फटींतून गवताचे पुंजके लोंबत होते आणि आत कुठेतरी लाल दिसत होतं. तापलेल्या सायलेन्सरवर तासाभराचं गवत साचलं होतं आणि बाहेर पडायला जागा नव्हती. गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. फटीतून ओतलेलं पाणी प्लेटवरून वाहून बाहेर आलं, आगीपर्यंत पोचलंच नाही. वडिलांना म्हटलं उतरा. ते दार उघडून वॉकर चाचपत बसले. मोबाइलला एक कांडी रेंज होती. मी दाऊदभाईंना फोन लावला आणि वडील बरोबर आहेत, खालून धूर येतोय, एवढं सांगितलं.

त्यांनी दोनच प्रश्न विचारले. गवत का? हो. रामूशेट बाहेर हायेत का? उतरतायत. मग म्हणाले, "घाबरू नका. खिडकीचं झाकण काढा. बाजूनं हात घाला, दोन बोल्ट हायेत. झाकण पडलं की गवत काठीनं खाली ओढा. गाडीखाली जायचं नाय."

आता खरं सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण ज्या माणसाचं काम मी गेट-ग्रिलवाल्याकडून दुरुस्त करून आणलं, त्यालाच ते कसं सांगणार? लाज वाटली. अशा वेळी लाज वाटावी याचीच आज लाज वाटते. मी म्हणालो, "हो, काढतो."

फोन स्पीकरवर टाकून गवतात ठेवला, डिकीतली पहार काढली आणि पुढच्या चाकामागून पाठीवर सरकत गाडीखाली शिरलो. पत्र्याच्या कडेला पहार घालून दणका दिला. वेल्डिंग पक्कं होतं. त्या कारागिराला मी स्वतःच सांगितलं होतं, जन्मात निघता कामा नये. वरून ठिणग्या पडत होत्या आणि धुराने डोळे उघडत नव्हते.

"निघालं का?" फोनमधून आवाज आला.

"निघतंय."

आणखी दोन दणके. मग दाऊदभाई वेगळ्याच आवाजात बोलले. "निकेशशेट, हा आवाज बोल्टचा नाय. तुमी कुठं हायेत?"

मी पहार पत्र्याच्या कडेत आणखी आत सरकवली.

"तुमी खाली हायेत. तुमचा आवाज खालून येतोय. काय केलंत खिडकीचं?"

"बुजवली," मी ओरडलो. "वेल्ड करून बुजवली."

"बाहेर या."

"गाडी जळेल माझी. थोडंच राहिलंय." आणि मी पुन्हा पहार उचलली. थोडं वगैरे काही राहिलं नव्हतं, पत्रा जागचा हललाही नव्हता. पण मला तो उपटायचाच होता. माझा स्वभावच तसला.

मग दाऊदभाई माझ्याशी बोलायचे थांबले. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "रामूशेट, ऐकताय का? पोराला पाय धरून ओढा. आत्ता. माझा भाऊ असाच गेला."

वडिलांना खाली बसता येत नव्हतं. गेले आठ महिने ते जमिनीवर बसले नव्हते. वॉकर पडल्याचा आवाज आला, मग ते धप्पकन पडल्याचा, आणि माझ्या दोन्ही घोट्यांना त्यांची बोटं घट्ट बसली. "भायेर ये," ते म्हणत होते, "आरं पोऱ्या, भायेर ये, मना गारी नको." बसल्या जागी मागे रेलत त्यांनी मला ओढलं. मी विरोध केला, हेही लिहितो. एका पायाने त्यांचा हात झटकला. त्यांनी सोडलं नाही. डोकं बाहेर आलं आणि दोन-तीन श्वास घेतो न घेतो तोच आगीत केबल जाऊन हँडब्रेक सुटला. गाडी हातभर मागे सरकली, थांबली, मग चाकं फिरली. मी जिथे पडलो होतो, तिथे राहिलेल्या पहारीवरून पुढचं चाक गेलं. गाडी तीस फुटांवर एका कातळाला अडली आणि तिथेच पेटली.

वाऱ्याची दिशा आमच्या उलट होती म्हणून वाचलो. वडिलांना काखेत धरून उघड्या कातळावर आणलं. खालच्या वाडीतली माणसं धूर बघून आली आणि त्यांनी फांद्यांनी गवत झोडपून वणवा थोपवला.

दीड तासाने दाऊदभाई त्यांची जुनी जीप घेऊन वर आले. मला वाटलं आता चार माणसांत माझी लाज काढतील. त्यांनी जळलेल्या गाडीकडे बघितलंही नाही. आधी वडिलांचे गुडघे चाचपले, मग माझ्याजवळ बसले. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव नावेद होतं. ओमानात त्याच्या गाडीला दाऊदभाईंनीच अख्खी प्लेट बसवली होती, पुढून मागे, त्यानेच हट्ट केला म्हणून. सुकलेल्या नदीतलं गवत प्लेटमध्ये अडकून पेटलं, तो बोल्ट काढायला खाली गेला, आणि वाळूत जॅक कलला. दाऊदभाई फोनवरून त्याला सांगत होते की कुठला बोल्ट आधी काढ.

"तुमी विचारलं होतं खिडकी कशाला," ते म्हणाले. "मी म्हटलं हवा. त्याचं नाव तोंडातून निघालं नाय. निघालं असतं तर तुमी ती बुजवली नसती. गुन्हा माझा."

मी म्हटलं तुमचा काही गुन्हा नाही. पण त्यांनी सांगितलं असतं तर मी बुजवली नसती का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हाताऱ्याची रडकथा म्हणून कदाचित हसलोही असतो.

परवा वर्कशॉपमध्ये गेलो होतो. उरणचा एक जण नवी गाडी घेऊन आला होता. त्याला अख्खी प्लेट हवी होती आणि तो घाईत होता. दाऊदभाई खाली खडूने खुणा करून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "आधी एक गोष्ट ऐका. माझा भाऊ होता, नावेद." पुढे त्यांना बोलवेना. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागलं. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, पुढचं मी सांगतो. वडिलांच्या हाताला लाथ मारली होती, तेही त्याला सांगितलं.