रामसेवकच्या जीपमध्ये कोण बसणार?

निकाल लागला की फायली बस्त्यात बांधल्या जातात. किस्से मात्र बांधून ठेवता येत नाहीत, चहाच्या वासानं आपोआप बाहेर येतात! मी सातवी नापास, पण झाशीच्या कचेरीत भाऊसाहेब वकिलांचा मुंशी म्हणून जन्म काढला. भाऊसाहेब माझ्यासारखेच इथले जुने मराठी, घर खंडेराव गेटाजवळ. कायदा त्यांचा, खोड्या माझ्या! तर आमच्या टायरच्या केसचं ऐका.

रामसेवक झाशी-मऊरानीपुर सवारी जीप चालवायचा. एक दिवस भर रस्त्यात मागचा नवाकोरा टायर फाटला आणि जीप पलटून चण्याच्या शेतात आडवी! देवाची कृपा, सगळे आपल्या पायांनी बाहेर आले. रामसेवकनं टायर कंपनीवर ग्राहक फोरममध्ये केस ठोकली. कंपनीचं उत्तर आलं: टायर उत्तम, ड्रायव्हर प्यायलेला!

होळीची भांगसुद्धा न चाखलेला माणूस हो तो! पण बातमी बस अड्ड्यावर पोचली. जीप दुरुस्त होऊन उभी राहिली, सवारी काही चढेना.

"भाऊसाब, मुआवज़ा मिले ना मिले," तो रडवेला होऊन म्हणाला, "बस इतना कर दो कि लोग फिर मेरी बगल में बैठें!"

* * *

भाऊसाहेबांनी पुराव्यासाठी फाटका टायर मागवला. "जैसा है वैसा लाना," असं दहादा बजावलं. रामसेवक टायर डोक्यावर घेऊन आला. साबणानं धुतलेला, वरून तेल चोळलेला, नुसता चमचम चमकतोय!

"ये क्या किया भैया?" भाऊसाहेब किंचाळले.

"साहब, पहली बार कचहरी जा रहा है, मैला कैसे ले जाते?"

भाऊसाहेब डोकं धरून बसले. मी म्हटलं, "नशीब समजा, शिवून नाही आणला!"

* * *

टायर ठेवायचा कुठे? गेला भाऊसाहेबांच्या ओसरीत. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, तणतणल्या, "माझ्या माहेरचा पलंग ठेवायला जागा नव्हती, ह्या मेल्याला बरी मिळाली!"

पण खंडेनवमी आली. काकूंनी रिवाजाप्रमाणे विळी, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांची पूजा केली. टायर त्याच ओळीत उभा. त्यालाही हळद-कुंकू लागलं, वर झेंडूचं फूल!

मग कंपनीचे एक्सपर्टसाहेब टायर तपासायला आले. गळ्यात टाय, हातात भिंग. रिपोर्ट दिला: टायरवर लाल-पिवळ्या अज्ञात रसायनाचे अंश आढळले, रबर त्यानेच कमजोर झालं असावं!

फोरमच्या अध्यक्षांनी ते रसायन नखानं खरवडलं, हुंगलं, आणि शांतपणे विचारलं, "एक्सपर्ट साहब, आपके घर में दाल कौन बनाता है?"

* * *

साक्षीला आली जीपमधली एक म्हातारी, अस्सल बुंदेली. कंपनीच्या वकिलानं दरडावलं, "माताजी, सच बताइए, ड्राइवर के मुँह से शराब की बास आ रही थी कि नहीं?"

"हमें का पतो बेटा? हमाई गोदी में बकरिया हती. ऊ की बास के आगें और कौन सी बास आउत?"

सगळं फोरम हसलं. भाऊसाहेबांना घाम फुटला. साक्षीदार आपली, पण बोलली बकरीच्या बाजूनं! त्यांनी सावरायचा प्रयत्न केला, "दादी, अब इसकी जीप में फिर बैठोगी ना?"

"हम तो बैठ जैहें. बकरिया नईं मानत!"

रामसेवकचा चेहरा असा पडला की मलासुद्धा चेष्टा सुचेना. आणि मला सुचेना म्हणजे बघा!

* * *

ह्या केसनं भाऊसाहेबच पलटले! जिथे तिथे टायर दाबून बघू लागले. पुतण्याच्या लग्नात मानिक चौकापाशी फुलांनी सजवलेली गाडी थांबवली, वाकून चाकं बघितली, आणि नवरदेवाला खाली उतरवलं. "हा टायर जायचा नाही!" बँड वाजतोय, मुलीकडचे तोरणाखाली ताटकळलेत, आणि इकडे नवरदेव फुटपाथवर! शेवटी कोणीतरी घोडी आणली.

नवरदेव चढणार, इतक्यात मी ओरडलो, "थांबा! भाऊसाहेब, घोडीचे खूर दाबून बघितलेत का?"

त्यांनी खरंच बघितले हो!

* * *

आता शेवटची तारीख. एक्सपर्टसाहेब उभे राहून गरजले, "टायर में कोई खोट नहीं! खोट इस ड्राइवर में है! ऐसे आदमी की बगल में बैठना, यानी मौत को न्योता देना!" रामसेवक कोपऱ्यात मान खाली घालून उभा. अध्यक्ष म्हणाले, चहानंतर आदेश लिहवतो, आणि कप घेऊन फाटकासमोरच्या वरांड्यात आले.

एक्सपर्टसाहेबांना गाडी पकडायची होती. बॅग घेऊन धावत फाटकाशी आले, तर तिथे सवारी नेणारा एकही टेम्पो नाही! का नव्हता, ते मला विचारू नका. मी सगळ्या टेम्पोवाल्यांना कोपऱ्यावर समोसे खायला बसवून नुकताच परत आलो होतो.

फाटकाशी उभी होती फक्त रामसेवकची जीप.

साहेबांनी घड्याळ बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "स्टेशन चलोगे?"

रामसेवकनं मुकाट्यानं पुढचं दार उघडलं. साहेबांनी एक पाय आत ठेवला आणि थबकले. मला वाटलं, आता रामसेवकचं तोंड हुंगणार! पण नाही. साहेब खाली उतरले, मागच्या चाकाशी गेले, टाय सावरत वाकले.

"टायर किस कंपनी के हैं?"

"आपकी कंपनी के नहीं हैं, साहब."

"तो फिर चलो भैया, जल्दी चलो!" आणि साहेब टुणकन् उडी मारून रामसेवकच्या बगलेला जाऊन बसले.

जीप धूळ उडवत गेली. अध्यक्षांनी कप कठड्यावर ठेवला आणि स्टेनोला हाक मारली.